लाल फितीची बरणी

फोन वाजला तेव्हा तिच्या चिमट्यात एका शाळामास्तरांचा पुढचा दात होता. दात म्हणजे अजून पुरता दात झालेला नव्हता. पोर्सिलेनची ओली भुकटी कुंचल्यानं थरावर थर देत चढवायची, टिपकागदानं पाणी शोषून घ्यायचं, भट्टीत आक्रसणार म्हणून मुद्दाम थोडा मोठाच घडवायचा, असं ते नाजूक काम. अशा वेळी ती फोन घेत नसे. पण पडद्यावर वडिलांच्या शिष्येचं नाव दिसलं, आणि घरात ऐंशी ओलांडलेले वडील असले की कुठलाही फोन घ्यावाच लागतो. मेला आधी जीव घेतो आणि मग बोलतो. “ताई, सर बरे आहेत, घाबरू नका,” शिष्या आधी म्हणाली. शहाणी पोर. मग म्हणाली, “तुमचं ते जनावर आहे ना ताई, त्याचं नाव बहुतेक जाणार. संध्याकाळी येऊन जाल का? सरांना अजून काही बोलले नाहीये मी.” तिचा हात हलला नाही. हात न हलण्यावर तर तिचं पोट चाललं होतं. फक्त टिपकागद जरा जास्त दाबला गेला असावा, कारण मास्तरांच्या दाताची खालची कड सुटली आणि भुगा होऊन मेजावर पडली. शेजारच्या टेबलावरून प्लास्टरचे साचे घासणाऱ्या माणसानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. इतक्या वर्षांत तिच्या टेबलावर भुगा पडलेला त्यानं पाहिला नव्हता.

तिचं जनावर म्हणजे एक भंगुरतारा. तारामाशाचा चुलतभाऊ म्हणा. मधे शर्टाच्या बटणाएवढी चकती, तिच्याभोवती पाच बारीक, वळवळते, काटेरी बाहू, आणि स्वभाव असा की जरा धक्का लागला की बाहू टाकून मोकळा. ती जन्मली त्या वर्षी वडिलांनी तो शोधून काढला, वेगळी जात म्हणून जगापुढे मांडला आणि त्याला तिचं नाव दिलं, मागे लॅटिन शेपूट लावून. ज्या एका नमुन्यावरून जातीला नाव मिळतं त्याच्या बरणीला लाल फीत बांधायची अशी वडिलांच्या संग्रहालयाची रीत होती. तळघरातल्या कपाटात, स्पिरिटमध्ये, लाल फीत बांधलेल्या बरणीत ती, म्हणजे तिचं नाव, चाळीसहून जास्त वर्षं बसून होतं. बाकी मुलींना वाढदिवसाला फ्रॉक मिळत. तिला वडील हात धरून तळघरात नेत, बरणी दिव्यासमोर धरत आणि म्हणत, “बघ ठमे, तू.” तिचं खरं नाव असं बरणीवर गेल्यामुळेच की काय, घरात तिला ठमीच म्हणत. बरणीतलं ते इतकं इवलंसं, पांढुरकं आणि गप्प होतं की तिला त्याची दया यायची आणि अभिमानही वाटायचा. वर्गात एकदा बाईंनी विचारलं, तुमच्या नावाचा अर्थ काय, तर हिनं उठून सांगितलं, “समुद्राच्या तळाशी राहणारा प्राणी.” वर्ग हसला. हिला वाटलं, हसा लेको, तुमच्या नावाचं आहे का काही?

पण त्या बरणीला दुसरीही एक बाजू होती, आणि ती आईची होती. मुलगी वेळेआधी झाली तेव्हा बाप समुद्रावर होता, सर्वेक्षणाच्या बोटीवर, गाळात जाळं ओढत. परत आला तेव्हा पोर काही दिवसांची झालेली. आईनं ते कधी विसरलं नाही आणि विसरूही दिलं नाही. पुढे शाळेचं बक्षीस असो, ताप असो, आईचंच ऑपरेशन असो, वडील तळघरात. “त्यांना कशाला हाक मारतेस,” आई म्हणायची, “त्यांचा जीव बाटलीत आहे.” आणि पोरगी हिरमुसली की हसत हसत, पुढे पुढे न हसता, “तुझ्या नावाचं जनावर आहे ना कपाटात? मग बाप घरी कशाला हवा?” आईनं ते टोमणा म्हणून दिलं, हिनं दागिना म्हणून घेतलं. त्याला ती काय करणार? हातात दुसरं काही नव्हतं. बाप डोक्यावरून हात फिरवणाऱ्यातला नव्हता, चुकूनही तोंडभरून बोलणाऱ्यातला नव्हता. पण जगातल्या सगळ्या पुस्तकांत, कोणीही उघडलं तरी, आपल्या मुलीचं नाव असेल अशी व्यवस्था त्यानं करून ठेवली होती. तिचं लग्न मोडलं, नवरा कपाटातले कपडे घेऊन निघून गेला, त्या दुपारी रिकाम्या हँगरांकडे बघत असताना तिच्या मनात पहिला विचार आला तो हा की आपण लॅटिनमध्ये आहोत. असल्या वेळी माणूस कशाला धरील काही सांगता येत नाही.

मास्तरांचा दात तिनं झाकून ठेवला, मालकांना “जरा लवकर जाते” एवढंच सांगितलं आणि बाहेर पडली. संग्रहालय चालत जाण्यासारखं होतं. रस्त्यात माणसं कामावरून सुटत होती, दुकानांच्या काचा पुसल्या जात होत्या, आणि ती आपली स्वतःशी हिशेब मांडत होती की नाव जातं म्हणजे नेमकं कुठं जातं. असं होतं, हे तिला माहीत होतं. या घरात वाढलेल्या माणसाला इतर घरांत क्रिकेटचं असतं तेवढं ज्ञान काटेरी मंडळींचं असायचंच. काटेरी मंडळी हा वडिलांचा शब्द. तारामासे, भंगुरतारे, समुद्रातले ते साळिंदरासारखे काटेरी गोळे, समुद्रकाकड्या, सगळ्यांचं मिळून एक गोत. आणि त्यांच्यावर काम करणारी माणसं म्हणजे दुसरं गोत, पहिल्यापेक्षा जास्त काटेरी. वडील त्यांच्यात पोटजाती पाडत. स्वतः ते बाटलीवाले: गोळा करा, काटे मोजा, वर्णन करा, नाव द्या. त्यांच्या उमेदीच्या काळी तोरा होता तो अंडेवाल्यांचा. काटेरी गोळ्याचं अंडं काचेसारखं पारदर्शक. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला फलित होताना, एकाचे दोन, दोनाचे चार होताना डोळ्यांदेखत बघता येतं. सगळ्या जगाला तेव्हा जीव कसा सुरू होतो हे त्या अंड्यातून बघायचं होतं. शेजारच्या इमारतीत वडिलांचे मित्र होते, अंडेवाले काका. त्यांनी तिला एकदा भिंगातून दाखवलं होतं: दोन पेशी झाल्या झाल्या हलकेच वेगळ्या केल्या तर अर्धं अर्धं पिल्लू होत नाही, दोन होतात, दोन्ही पुरी, फक्त जरा लहान. “अर्ध्याला ठाऊकच नसतं गं ते अर्धं आहे,” काका म्हणाले होते. घटस्फोटाच्या कागदावर सही करताना तिला हे आठवलं होतं आणि वकिलासमोर हसू आलं होतं.

मग अंडेवाल्यांचे दिवस फिरले. हातवाले आले, तुटलेला बाहू पुन्हा कसा उगवतो ते शोधणारे. त्यांच्यावर औषधवाल्यांचा जीव, कारण माणसाला आपलं तुटलेलं काहीच उगवून येत नाही. त्यांच्या मागोमाग अक्षरवाले. काटेरी मंडळींच्या पेशीतली डीएनएची सगळी अक्षरं वाचून काढायची आणि काय काय आपल्याशी जुळतं ते बघायचं. काटेरी गोळा आपला माशीपेक्षा जवळचा नातेवाईक निघाला. तारामाशाबद्दल तर म्हणे असं निघालं की तो जवळजवळ नुसतं डोकंच आहे, धड असं नाहीच. वडील त्यावर महिनाभर खूश होते. “आमच्या संचालकांच्या नेमकं उलट,” असं भेटेल त्याला सांगत सुटले होते. आणि आता, गेल्या काही वर्षांत, तापवाले. समुद्र तापतोय, पाणी आंबट होतंय, त्यात पिल्लांची कवचं पातळ पडतायत, कुठेकुठे तारामासे रोगानं विरघळून नुसता लगदा होतायत. तापवाल्यांना जुना समुद्र कसा होता ते हवं होतं, आणि जुना समुद्र होता बाटल्यांत. ज्या तळघरात इतकी वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही तिथं माणसं पुन्हा यायला लागली. ही सगळी वंशावळ वडिलांनी तिला जेवताना, भाजी चिरताना, अलीकडे डोळ्यांच्या दवाखान्याच्या रांगेत सांगितली होती. दुसरे बाप गोष्टी सांगतात. “फॅशन असते गं,” म्हणायचे, “दर काही वर्षांनी लोकांना त्याच जनावराचा वेगळा भाग दिसतो. जनावर आपलं तेच.” ते म्हणताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नसे, हे तिला आज पहिल्यांदा जाणवलं. आपल्याला मात्र दर फॅशनीला धास्ती वाटायची. प्रत्येक नवी लाट आली की ती मनातल्या मनात विचारायची, माझी बरणी शाबूत आहे ना?

शिष्या तळघराच्या दाराशीच उभी होती. तिशी उलटलेली, करारावर नेमलेली, दर वर्षी कराराची तारीख जवळ आली की नखं खाणारी. वडील निवृत्त झाल्यावर त्यांचं टेबल तिला मिळालं, आणि टेबलाबरोबर वडीलही मिळाले, कारण ते आठवड्यातून एकदा यायचे ते यायचेच. नजर अधू झाल्यापासून ते फक्त बसत आणि ती वाचून दाखवी. तिनं खुर्ची पुढे केली, चहा विचारला, उगाच मेजावरचे कागद सारखे केले. “बोल की,” ही म्हणाली, “मी काय खाते का तुला?” तेव्हा मग शिष्येनं सांगितलं. तिनं जुन्या बरण्यांमधल्या मंडळींची अक्षरं वाचायचं काम हाती घेतलं होतं. आता एवढ्या जुन्या स्पिरिटमधूनही वाचता येतात. लाल फितीच्या बरणीच्या तळाशी बाहूचा एक तुकडा आपणहून गळून पडलेला होता, तेवढाच घेतला, बाकी जनावराला हात लावला नाही. आणि तो तुकडा निघाला एका अगदी नेहमीच्या जातीचा. त्याच किनाऱ्यावर ढिगानं सापडणाऱ्या. “दोनदा केलं ताई. तिसऱ्यांदा दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलं. वाटलं, माझंच काही चुकलं असेल. देवाशप्पथ, माझंच चुकलेलं असावं असं वाटत होतं.”

“दाखव,” ती म्हणाली. सूक्ष्मदर्शकाखाली शिष्येनं ओळीनं मांडून ठेवलं होतं: आधी बरणीतलं, मग त्याहून जरा मोठं, मग आणखी मोठं, शेवटी तळहाताएवढे बाहू असलेलं ते नेहमीचं. तिनं डोळा लावला आणि तिला काही विचारावं लागलं नाही. तिच्या जनावराची ओळख म्हणजे चकतीवरच्या मोठ्या मोठ्या तबकड्या, फुलाच्या पाकळ्यांसारख्या. वडिलांच्या वर्णनात ते पहिल्याच ओळीत होतं, तिला पाठ होतं. त्या तबकड्या मोठ्या नव्हत्या. चकती लहान होती. सहा-सात वर्षांच्या पोराला पुढचे पक्के दात येतात तेव्हा ते केवढाले दिसतात, फावड्यासारखे. आया घाबरून डॉक्टरकडे आणतात. दात असतात जेवढ्यास तेवढेच, चेहरा अजून वाढलेला नसतो. हे तिला रोजच्या कामानं माहीत होतं, झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. ओळीतल्या पुढच्या, त्याच्या पुढच्या जनावरात चकती वाढत गेली होती, मधे बारीक खवले भरत गेले होते आणि तबकड्या आपल्या जागी मुकाट बसल्या होत्या. जात वगैरे काही नव्हती. पिल्लू होतं. तिनं भिंगावरून डोळा काढला तेव्हा तिचं जनावर गेलेलं होतं, आणि तरी मनाचा एक कोपरा, कामावर बसणारा, म्हणत होता की काम चोख केलंय पोरीनं.

“नाव पुसलं जात नाही हं ताई,” शिष्या घाईघाईनं म्हणत होती. “खऱ्या नावाच्या खाली बारीक अक्षरात राहतं. कायमचं. आणि त्या गोतात दुसऱ्या कुठल्या जनावराला ते परत देता येत नाही, नियमच आहे तसा.” मग खाली बघत म्हणाली, “मी थांबू शकते.” “थांबू शकते म्हणजे?” “म्हणजे हा भाग आत्ता गाळते. बाकीचा लेख जाऊ दे. हा... नंतर.” नंतर म्हणजे कशानंतर ते दोघींनाही कळलं आणि दोघींनीही बरण्यांकडे पाहिलं. या एका नावाशिवाय लेख लंगडा होता, कारण सगळं बोलणंच त्यावर होतं की पिलांना वेगळी जात समजण्याची चूक जुन्या लोकांनी कशी केली आणि अक्षरांनी ती कशी उघड होते. आणि या लेखावर तिची कायमची नेमणूक अडकलेली होती. तरी थांबते म्हणत होती. “सरांनी मला हातात चिमटा धरायला शिकवलं,” ती म्हणाली, “त्यांच्या तोंडावर मी हे कसं छापू? तुम्ही सांगाल तसं.” आणि मोठ्या माणसांनी रडू नये तशी, नाक पुसत, बरण्या जागेवर ठेवायला लागली.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. ठरवायचं काय होतं? थांब म्हणून सांगायचं, आणखी काय. बाबांना उरलंय काय? डोळे गेल्यात जमा, मित्र गेले, अंडेवाले काका गेले, आई गेली. आठवड्यातली एक दुपार आणि कपाटातल्या काही लाल फिती. त्यातली ही पहिली, लाडकी. कोणी नवं माणूस भेटलं की सगळ्यांत आधी हिचीच गोष्ट सांगायचे. ते हातातून काढून घ्यायचं आणि वर सांगायचं, बाबा, तुमची चूक होती, नवशिक्याची? नाही. पोरीची नेमणूक पुढच्या वर्षी होईल, आणि नाही झाली तर... इथे तिचा विचार अडला. तिच्या डोळ्यांसमोर ती खाल्लेली नखं आली. आणि मग, स्टॉप मागे पडत असताना, तिला स्वतःची लबाडी दिसली. थांबल्यानं वडिलांचं जेवढं वाचणार होतं तेवढंच तिचंही वाचणार होतं. बाबा असेपर्यंत ती वेगळी जात म्हणून राहील, म्हणजे बाबा असेपर्यंत तरी आपल्याजवळ पुरावा राहील. आपण चाळीशी उलटलेली बाई, दुसऱ्यांचे दात घडवणारी, आणि अजून बापाच्या मायेचा पुरावा बगलेत घेऊन हिंडतोय. तिला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून दुखायचं थांबलं नाही.

घरी वडील टेबलाशी बसले होते, समोर दोन ताटं उपडी मांडून. डोळ्यांनी दिसेनासं झाल्यापासून ते काम त्यांनी हट्टानं स्वतःकडे घेतलं होतं. तिनं हात धुतले, जेवण गरम केलं, वाढलं. त्यांनी ताटावरून बोटं फिरवून काय कुठे आहे ते पाहून घेतलं आणि मग विचारलं, “काय ठमे, आज काय नवीन बघितलंस?” हा त्यांचा रोजचा प्रश्न. तिच्या लहानपणापासूनचा, घरी असले की. दिवस कसा गेला, जेवलीस का, असलं ते कधी विचारत नसत, एवढं एकच विचारत, आणि याचं उत्तर मात्र बनवून द्यायचं नाही, असा दोघांत न बोलता झालेला करार होता. आईशी ती खोटं बोलली होती, नवऱ्याशीही. या प्रश्नाला कधी नाही. काहीच पाहिलं नसेल तर “काही नाही” म्हणायची आणि ते “हूं” म्हणत. आजही काही नाही म्हणता आलं असतं. तिनं घास तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला.

“पिल्लू बघितलं,” ती म्हणाली. “कोणाचं?” “भंगुरताऱ्याचं.” मग एकदा बांध फुटल्यावर तिनं सगळंच सांगितलं. तळाशी पडलेला तुकडा, तीनदा केलेली खात्री, ओळीनं मांडलेली जनावरं, तबकड्या, वाढत गेलेली चकती. शिष्या थांबते म्हणाली तेही सांगितलं, फक्त कशानंतर ते सांगितलं नाही. वडिलांचा हात ताटाच्या कडेवर थांबलेला होता. तिला वाटलं, आता हे उठून जातील, किंवा त्याहून वाईट, काहीच बोलणार नाहीत. वडील म्हणाले, “मधल्या आकाराची किती मिळाली तिला?” “अं?” “लहान आणि मोठं यांच्या मधली. सलग ओळ लागते का? का मधे उडी आहे?” “सलग आहे.” “तोंडाच्या कडेचे काटे? तेही वाढत जातात?” “हो.” “मग झालं,” वडील म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, परीक्षेत पेपर सोपा आल्यासारखा. “अगं, बरोबरच आहे मग. पिल्लूच ते. गुणाची आहे पोर. मी एवढी वर्षं विचार करतोय की हे एकच कसं सापडलं, पुन्हा कसं कधी मिळालं नाही. रोज मिळत होतं की.” आणि ते हसायला लागले.

दुपारपासून ज्या माणसाला जपण्यासाठी जीव टांगणीला लावला तो भाताचा घास मोडत हसत होता. “तुम्हाला काहीच वाटत नाही?” ती म्हणाली, आणि आपला आवाज आईसारखा निघालेला तिनं ऐकला. “माझं नाव होतं ते, बाबा. तुम्ही दिलेलं तेवढं एकच. शाळेत आला नाहीत, दवाखान्यात आला नाहीत, माझं घर मोडलं तेव्हा तीन ओळींचं पत्र पाठवलंत आणि त्यातल्या दोन ओळी तारामाशाबद्दल होत्या. आणि मी काय म्हणायचे स्वतःला, असू दे, त्यांनी आपल्याला नाव दिलंय. आता ते गेलं तर तुम्ही हसताय.” एवढं ती जन्मात बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिनं हात मांडीवर घेतला.

वडिलांचं हसणं थांबलं. त्यांनी पाण्याचा पेला चाचपून घेतला, पण प्यायले नाहीत. “या कामात,” ते सावकाश म्हणाले, “लहान नमुना हातात आला की पहिला प्रश्न एकच. हे पिल्लू तर नाही ना? काल आलेला विद्यार्थीही विचारतो. त्या पोरीला मी याच्यावरून किती वेळा फैलावर घेतलंय, विचार तिला. मी स्वतः आयुष्यात दर वेळी विचारला. ती एक खेप सोडून.” “का?” ती म्हणाली. “बोटीवरून उतरलो तो थेट तुझ्याकडे आलो. तुझी आई बोलत नव्हती माझ्याशी. तुला माझ्या हातात ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं तिनं. एवढीशी होतीस. नखं होती. भुवया होत्या. सगळं जागच्या जागी, कुणी चिमट्यानं बसवावं तसं. मला वाटलं, हे तर झालेलंच आहे, पुरं. यात वाढायचं काय राहिलंय? मग कामावर गेलो आणि भिंगाखाली ते आलं. तेही एवढंसं, तेही सगळं जागच्या जागी. पिल्लू आहे का, हे मनातच आलं नाही गं. त्या दिवसांत मला जगातलं काहीच अपुरं दिसत नव्हतं.” पेल्याच्या कडेवरून त्यांचं बोट फिरत राहिलं. “तुझ्या आईला हे सांगायला हवं होतं. मला बोलता येत नाही. मला वर्णन करता येतं.”

ती रडली नाही. रडण्याजोगं काही उरलंय असं तिला वाटेना. इतकी वर्षं ती बरणीतल्या नावाला पुरावा समजत होती, आणि पुरावा होता तो त्या चुकीत. सगळ्या आयुष्यात एकदाच डोळ्यांत तेल घालायला विसरलेल्या माणसाच्या चुकीत. वडील म्हणाले, “लाव तिला फोन. म्हणावं, छाप. आणि थांबणार होतीस म्हणून कान उपटणार आहे म्हणावं.” तिनं लावला. शिष्येनं पहिल्या घंटीलाच उचलला आणि “सर रागावले?” म्हणून विचारलं, तर वडिलांनी फोन हातातून ओढून घेतला आणि मधल्या आकाराच्या नमुन्यांचं माप विचारायला सुरुवात केली, एवढ्या मोठ्यानं की पलीकडची पोर रडतेय हे त्यांना कळलंच नसावं. किंवा कळलं असावं.

“मोठं कसं दिसतं गं?” फोन ठेवून त्यांनी विचारलं. “तुम्हाला नाही माहीत? नेहमीचंच आहे ते.” “नेहमीचं म्हणूनच,” वडील म्हणाले. “जाळ्यात रोज यायचं. बघितलं न बघितलं करून परत पाण्यात टाकायचो. मोठं झालेलं मी कधी नीट बघितलंच नाही.” वडिलांनी खुर्ची जरा सरकवली. डोळ्यांचा मधला भाग गेल्यापासून त्यांना समोरचं दिसत नसे. कोणाला नीट बघायचं तर तोंड दुसरीकडे वळवून कडेच्या नजरेनं बघावं लागे, आणि ते त्यांना संकोचाचं वाटे म्हणून माणसांच्या बाबतीत ते कधी करत नसत. आता त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला आणि तसाच धरून ठेवला. तिनं चेहऱ्यावर आलेले केस कानामागे सारले, हात टेबलावर ठेवला आणि त्यांचं बघून होईपर्यंत हलली नाही.